तोरियामा सेकिएन आणि जपानी 'योकाई'चे चित्ररूप

जपानी लोककथांतील भुताखेतांना व अद्भुत प्राण्यांना 'योकाई' ही संज्ञा आहे. क्योतोच्या शिंजुआन मंदिराकडील मुरोमाची काळातील (१३३६-१५७३) गुंडाळीचित्रात त्यांची निनावी मिरवणूक दिसते. एदो (आजचे टोकियो) येथील चित्रकार तोरियामा सेकिएन (१७१२-१७८८) यांनी १७७६ साली 'गाझु ह्याक्की याग्यो' या काष्ठमुद्रित ग्रंथात योकाईंना स्वतंत्र पृष्ठे व नावे दिली. कोशासारख्या या मांडणीमुळे भयाचा विषय कुतूहलाचा झाला. परंतु गावोगावी बदलणारे मौखिक रूप एका चित्रात स्थिरावले. त्यांच्या पुढील ग्रंथांतील अनेक योकाई तर त्यांच्याच कल्पनेतून जन्मले, असे अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात मिझुकी शिगेरु (१९२२-२०१५) यांच्या चित्रकथांनी हीच रूपे घरोघरी पोहोचविली. म्हणूनच ही चित्रे लोकश्रद्धेचा पुरावा म्हणून स्वीकारताना लोकपरंपरा कोणती व चित्रकाराची निर्मिती कोणती, याचा विवेक इतिहासकाराने राखणे अगत्याचे ठरते.