मुलांचा क्रीडा प्रशिक्षक घडतो कसा?

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, की मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंतची मैदाने उन्हाळी शिबिरांनी गजबजून जातात. पालक शुल्क विचारतात, वेळ विचारतात, गणवेश कुठे मिळेल हेही विचारतात. शिकवणार कोण, हा प्रश्न सहसा मागे राहतो. विचारलाच, तर 'सर स्वतः राज्य स्तरावर खेळले आहेत' या उत्तराने समाधान होते. वस्तुतः खेळता येणे आणि दहा वर्षांच्या मुलाला खेळ शिकवता येणे ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत. उत्तम खेळाडूचे तंत्र त्याच्या अंगात इतके मुरलेले असते, की ते सुटे करून सांगणे त्यालाच अनेकदा कठीण जाते. मग 'असं नाही रे, असं मार' एवढेच शिक्षण उरते.

प्रशिक्षक होण्याची रीतसर वाट आपल्याकडे आहे. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. 'एनआयएस केलेला' हा शब्दप्रयोग मैदानावर आजही पदवीसारखा उच्चारला जातो, तो तिच्याच पदविकेमुळे. पूर्ण पदविकेखेरीज सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही तेथे चालतो. फुटबॉल महासंघाची परवान्यांची उतरंड आहे, क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याच्या परीक्षा आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर १९१४ मध्ये स्थापन झालेले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि कांदिवलीचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय यांनी शाळांना कितीतरी क्रीडाशिक्षक पुरवले. तथापि स्पर्धात्मक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत मध्यवर्ती असतो तो पदकाच्या दिशेने निघालेला खेळाडू. शिबिरात येणारी बहुतेक मुले त्या वाटेवर नसतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षकाला आणखी काही शिकावे लागते.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे मूल ही प्रौढ माणसाची लहान आवृत्ती नव्हे. साधारणपणे मुलींची उंची बाराव्या व मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडे आधी लांबतात, स्नायू व स्नायुबंध मागून येतात. काल लीलया धावणारा मुलगा आज अडखळू लागतो, तो आळशी झाला म्हणून नव्हे. गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखते अशी तक्रार या वयात वारंवार येते. हाडाच्या वाढत्या भागावर पडणारा ताण हे तिचे कारण असते. 'थोडं दुखणारच' म्हणून उड्या सुरू ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला हे ठाऊक नसते, इतकेच.

साधनेही वयानुरूप हवीत. मोठ्यांचा क्रिकेटचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितला आहे. बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटर उंचीवर असते, ती मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० मीटरवर येते. टेनिसमध्ये लाल, नारिंगी व हिरव्या अशा मंदगती चेंडूंची श्रेणी आहे. दहा वर्षे व त्याखालील स्पर्धांतून नेहमीचा पिवळा चेंडू आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ पासून वगळला. आपल्याकडे मात्र मुलांनी 'खऱ्या' साधनांनी खेळावे, असा पालकांचाच आग्रह असतो. उंच कडीपर्यंत चेंडू पोहोचवण्यासाठी मूल कमरेतून वाकून तो फेकू लागते आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

तंत्र आणि साधने पुस्तकातून शिकता येतात. प्रशिक्षकाची वाणी हा याहून अवघड विषय होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक सामन्यांमध्ये प्रत्यक्ष निरखले. चूक झाल्यावर प्रशिक्षक काय करतो, चांगल्या खेळाची दखल घेतो का, ओरडतो किती, या साऱ्याची निरीक्षकांनी नोंद केली. नंतर मुलांशी बोलून त्यांना काय आठवते तेही विचारले. आपण कसे वागतो याबाबतचा प्रशिक्षकांचा अंदाज वस्तुस्थितीपासून बराच दूर होता. मुलांचे वर्णन मात्र निरीक्षकांच्या नोंदींशी अधिक जुळले. रागावणाऱ्या माणसाला आपले रागावणे फारसे ऐकू येत नाही, असेच म्हणायचे.

या दोघांनी त्यावरून एक छोटे प्रशिक्षण तयार केले. चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्यायची. चुकीनंतर आधी धीर द्यायचा, मग सुधारणा नेमक्या शब्दांत सांगायची आणि टोमणे वर्ज्य मानायचे. प्रत्येक सामन्यानंतर आपल्या वर्तनाची नोंद स्वतःच करायची. या प्रशिक्षणाला अवघे दोन-अडीच तास लागत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. प्रशिक्षितांच्या संघांत हेच प्रमाण ५ टक्के होते. संघांच्या जय-पराजयात मात्र फरक नव्हता. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळात कमी असतो, त्या मुलांना अशा प्रशिक्षकाचा अधिक लाभ होतो, असेही या दोघांच्या अभ्यासात आढळले. एक पाहणी म्हणजे सिद्धांत नव्हे आणि बेसबॉल म्हणजे आपला खो-खो नव्हे, हे मान्य करूनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवोदित प्रशिक्षकाने आपल्या एका सत्राचे ध्वनिमुद्रण करून ते घरी ऐकावे. त्यासाठी खिशातला मोबाइल पुरेसा आहे.

सत्राची आखणी हाही शिकण्याचाच भाग. वीस मुले, एक चेंडू आणि लांबलचक रांग हे आपल्या शिबिरांतले नेहमीचे दृश्य. तासाभरात एका मुलाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येतात, उरलेल्या वेळात ते शेजाऱ्याला ढकलते आणि मग 'बेशिस्त' ठरते. चार-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला स्वतंत्र चेंडू व छोटे मैदान, आणि कवायतीपेक्षा छोटे सामने अधिक, एवढ्या बदलाने बेशिस्तीचा प्रश्न बराचसा मिटतो.

येथे शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकरांचे उदाहरण हमखास दिले जाते. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे आणि सत्र संपेपर्यंत सचिन तेंडुलकर बाद झाला नाही तर नाणे त्याचे, ही कथा सर्वांना पाठ आहे. तिचे तात्पर्य शिस्त, असे सांगितले जाते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले, तर थकलेल्या मुलाचे लक्ष टिकवण्यासाठी सरावाचाच खेळ करणे, हे तिचे मर्म आहे. असामान्य गुणवत्ता दिसलेल्या एका मुलासाठी आचरेकरांनी आखलेला सामन्यांमागून सामन्यांचा क्रम मात्र शिबिरातल्या चाळीस मुलांना लावणे धोक्याचे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेला सल्ला याउलट आहे. एकाच खेळाला वाहून घेणे शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती असावी, असे ती सांगते. नॉर्वेत तर मुले अकरा वर्षांची होईपर्यंत स्पर्धांचे निकाल व क्रमवारी जाहीर करत नाहीत. क्रीडागुणांच्या आशेने जिल्हा स्पर्धांकडे डोळे लावणाऱ्या आपल्या शाळांना हे पटणे अवघडच.

निवडीतला एक दोष मात्र प्रत्येक प्रशिक्षकाने ओळखायला हवा. वयोगट जन्मतारखेवरून ठरतो. एकाच गटातील जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते. बाराव्या वर्षी हे अंतर गुणवत्तेसारखे भासते. कॅनडातील आइस हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा अधिक असल्याचे १९८५ मध्येच दाखवून देण्यात आले होते. संघात न घेतलेली मुले सरावातून वगळू नयेत, ते यासाठीच.

शेवटी सुरक्षिततेविषयी. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, जलतरण यांत आधार देताना मुलाला स्पर्श करावाच लागतो. तो का व कुठे करणार हे आधी सांगावे, इतरांच्या देखत करावा आणि नको म्हणणाऱ्या मुलावर सक्ती करू नये. बंद खोलीत एकट्या मुलाला शिकवणे टाळावे. २०१२च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे व न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसात मिटवण्याची मुभा प्रशिक्षकालाही नाही आणि संस्थाचालकालाही नाही. शिबिराच्या पहिल्याच दिवशी पालकांना एकत्र बोलावून हे नियम वाचून दाखवावेत, मुलांच्या दम्याची व औषधांची नोंद घ्यावी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक प्रथमोपचाराच्या पेटीवर चिकटवून ठेवावा.