गीत, गीतकार आणि गाणारे

आपल्या अभंगाला एक मोठी सोय आहे. शेवटच्या चरणात कर्त्याची नाममुद्रा असते. तुकोबांचा अभंग कोणी, कोठेही म्हणो, त्यांचे नाव उच्चारल्यावाचून तो पुरा होत नाही. इंग्रजी ख्रिस्ती उपासनागीतांत ही सोय नाही. कर्त्याचे नाव पुस्तकात बारीक टाइपात छापलेले असते; गाणाऱ्याच्या ओठांवर ते येत नाही. मग त्या रिकाम्या जागेत एखादी गोड आख्यायिका येऊन बसते आणि तीच इतिहास म्हणून चालू लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना अभंग-ओवीच्या वळणावर आणली, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आज मला बोलावयाचे आहे ते इंग्लंड-अमेरिकेतील दोन गीतांविषयी. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कामगार संघटनेतला माणूस आहे. आमच्या मोर्च्यांत गायिल्या जाणाऱ्या एका गाण्याचा माग काढता काढता मी या विषयाकडे आलो, एवढाच माझा अधिकार.

पहिले गीत ‘अमेझिंग ग्रेस’. त्याचा कर्ता जॉन न्यूटन. आख्यायिका अशी : न्यूटन हा गुलामांचा व्यापारी, त्याचे जहाज वादळात सापडले, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचले, त्याचे डोळे उघडले, त्याने तो व्यापार तत्काळ सोडला आणि हे गीत लिहिले. ऐकावयास सुंदर आहे. पण सनावळी मांडून पाहिली म्हणजे ही गोष्ट उभी राहत नाही.

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनचा. बाप जहाजावरचा कप्तान. तरुणपणी न्यूटनला पकडून जबरीने आरमारात भरती केले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामव्यापाऱ्याच्या हाताखाली त्याने उपासमार आणि अपमान सोसला. १७४८ च्या मार्चमध्ये ‘ग्रेहाउंड’ जहाजावर त्याला ते वादळ भेटले. येथपर्यंत आख्यायिका खरी आहे. त्याच्या मनात पालट झाला हेही खरे. तो दिवस तो पुढे जन्मभर पाळीत असे.

परंतु त्यानंतर काय झाले? १७५० ते १७५४ या काळात न्यूटन स्वतः गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. त्याने तीन सफरी केल्या. वर तो खलाशांसाठी प्रार्थना चालवीत असे आणि खाली तळघरात माणसे साखळदंडांनी बांधलेली असत. त्याच्या या सफरींची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात खरेदी, मृत्यू आणि बंडाची भीती यांच्या नोंदी व्यापारी हिशेबाच्या थंडपणाने केलेल्या आहेत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो सदसद्विवेकाच्या टोचणीने नव्हे, तर एकाएकी झटका येऊन प्रकृती ढासळली म्हणून. नंतर त्याने लिव्हरपूल बंदरात जकातीच्या खात्यात नोकरी केली आणि १७६४ मध्ये ओल्नी या लहानशा गावी तो चर्चचा पाळक झाला.

ओल्नी हे लेस विणणाऱ्या गरिबांचे गाव. त्यांच्या प्रार्थनासभांसाठी न्यूटन सोप्या भाषेत गीते रचू लागला. कवी विल्यम कूपर हा त्याचा शेजारी आणि सोबती. ‘अमेझिंग ग्रेस’ हे १७७२ च्या अखेरीस रचलेले आणि १७७३ च्या पहिल्या जानेवारीच्या प्रवचनासाठी योजिलेले गीत. १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ हा दोघांच्या ३४८ गीतांचा संग्रह निघाला, त्यात ते छापले गेले. गुलामगिरीचा त्यात उल्लेखही नाही.

मग न्यूटन त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे बोलला केव्हा? १७८८ साली. म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी आणि गीतानंतर पंधरा वर्षांनी. तोपर्यंत इंग्लंडात गुलामव्यापारविरोधी चळवळ उभी राहिली होती. विल्यम विल्बरफोर्स हा तरुण लोकसभासद १७८५ मध्ये सल्ल्यासाठी न्यूटनकडे आला होता. त्या चळवळीच्या ओघात न्यूटनने आपली पुस्तिका प्रसिद्ध केली आणि आपण स्वतः या धंद्यात होतो, ही कबुली फार उशिरा येत आहे, असे स्पष्ट लिहिले. जहाजाच्या तळाशी माणसे कशी दाटीने रचलेली असत हे सांगताना त्याने कपाटातील पुस्तकांची उपमा दिली. पुढे चौकशीपुढे त्याने साक्षही दिली. चळवळीला बाहेरून कळवळणारे पुष्कळ मिळाले होते. ज्याने स्वतः साखळ्या घातल्या असा साक्षीदार मिळणे ही निराळीच गोष्ट होती. १८०७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

यावरून न्यूटनला ढोंगी ठरवावे काय? मला तसे वाटत नाही. त्याचा पश्चात्ताप खरा होता. पण तो त्याच्या एकट्याचा होता. माझ्या पापाची मला क्षमा मिळाली, एवढ्यावर मन निवते. ज्याच्या पायात बेडी आहे त्याचे काय, हा प्रश्न त्या समाधानातून आपोआप निघत नाही. तो विचारावयास बाहेर चळवळ उभी राहावी लागते. वादळाने न्यूटनला देव दिला. बेडीतला माणूस त्याला चळवळीने दाखविला.

गीताचेही तसेच झाले. आज सर्वत्र ऐकू येणारी त्याची चाल न्यूटनला ठाऊकच नव्हती. ती अमेरिकेतील एक लोकप्रिय चाल. विल्यम वॉकर याने १८३५ च्या आपल्या ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात त्या शब्दांशी तिचे लग्न लावून दिले. शेवटचे कडवे म्हणून जे सर्रास गातात तेही न्यूटनचे नव्हे. ते दुसऱ्या एका जुन्या गीतातले. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीत गुलाम टॉमच्या तोंडी ते या गीताला जोडलेले आढळते. गुलामांच्या कप्तानाचे गीत काळ्या ख्रिस्ती मंडळींनी आपले केले आणि पिढ्यान्‌पिढ्या गाइले. कोणाचे ऋण कोणी फेडले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उपासनागीतांवर आमच्या चळवळीचा जुना आक्षेप आहे, तोही मांडला पाहिजे. मेल्यानंतर सुख मिळेल असे गाऊन जिवंतपणीची भूक विसरावयास लावणारी ही अफू आहे, असा तो आक्षेप. अमेरिकेत जो हिल या कामगार कवीने १९११ साली एका लोकप्रिय उपासनागीताच्या चालीवर याच अर्थाचे बोचरे विडंबन रचले. चौकातील कामगारसभांशेजारी साल्व्हेशन आर्मीचे बँड वाजत. त्यांच्याच चालीवर कामगार आपले शब्द गाऊ लागले. आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. ते दुसऱ्या गीताने दिसून येते.

त्याचा कर्ता चार्ल्स अल्बर्ट टिंडली. जन्म १८५१ चा, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातला. बाप गुलाम, आई स्वतंत्र. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. अक्षरे त्याने स्वतःच गिरविली. फिलाडेल्फियात त्याने विटा-चुन्याची ओझी वाहिली, एका चर्चमध्ये झाडलोटीचे काम केले आणि रात्री अभ्यास करून, टपालाने धडे मागवून तो पाळकपदाची परीक्षा उतरला. पुढे ज्या चर्चची त्याने झाडलोट केली होती, त्याच मंडळीचा तो पाळक झाला. शतकाच्या आरंभी, १९०१ च्या सुमारास, त्याने एक गीत प्रसिद्ध केले. आयुष्यातील संकटांवर मी एक दिवस मात करीन, असा त्याचा आशय. येथेही ‘मी’च आहे, पण हा ‘मी’ ओझे वाहिलेला आहे.

१९४५ च्या ऑक्टोबरात साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे अमेरिकन टोबॅको कंपनीच्या चिरूट कारखान्यात संप झाला. संपकऱ्यांत बहुसंख्य काळ्या स्त्रिया होत्या. हिवाळ्यातील थंडीपावसात महिनोन्‌महिने त्यांनी कारखान्याच्या फाटकासमोर पहारा दिला. दिवसाचा पहारा संपताना ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई चर्चमधले एक गीत संथ लयीत म्हणे आणि बाकीच्या तिला साथ देत. गाता गाता ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आले. टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या शाळेतील झिल्फिया हॉर्टन यांनी ते संपकऱ्यांकडून उचलले, त्यांच्याकडून पीट सीगर यांनी. आणि १९६० मध्ये गाय कॅरवान यांनी ते नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविले. तेच ‘वुई शॅल ओव्हरकम’.

हे गीत टिंडलीचेच काय? सर्वस्वी नव्हे. चाल त्याची नाही. ती काळ्या मंडळींच्या एका जुन्या भजनाकडे जाते. शिवाय १९०९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन खाणकामगार संघटनेच्या मुखपत्रात, अशाच नावाचे गाणे आमच्या प्रत्येक सभेत गायिले गेले, असा उल्लेख आहे. आणि त्या नावात ‘आम्ही’ आहे. म्हणजे चार्ल्सटनच्या बायकांआधीही कोणी कामगारांनी हा पालट केला असावा. पुढे या गीतावर मालकी हक्क सांगितला गेला, खटला झाला आणि २०१८ साली ते सर्वांच्या मालकीचे म्हणून मोकळे झाले. न्यायालयाच्या दारी जे लागले ते फाटकावरच्या बायकांनी केव्हाच लावले होते.

गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी शब्दांत तेच गीत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून आपल्या शाळांत आणि मोर्च्यांत पोहोचले. ते म्हणताना कोणाला टिंडलीची आठवण होत नाही, ल्युसिल सिमन्सची तर नाहीच. नाममुद्रा नाही, तेव्हा ती आठवण इतिहासानेच ठेवली पाहिजे. मात्र आख्यायिकेत आणि इतिहासात फरक असा : आख्यायिका सांगते की गीत लिहिले आणि माणूस पालटला. इतिहास सांगतो की गीत लिहिल्यावरही माणसाला पालटावयास पंधरा वर्षे लागली, आणि ‘मी’चे ‘आम्ही’ व्हावयास थंडीत उभा राहिलेला एक संप लागला. गीत वाट दाखविते. चालावे लागते ते गाणाऱ्यालाच.