दिव्यांगांवर घरात होणारी हिंसा : कायदा काय सांगतो, पुण्यात मदत कुठे मिळते?

घरगुती हिंसा म्हटलं की आपल्याला मारहाणच आठवते. पण ज्या बहिणीला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा आधाराशिवाय उठता येत नाही, तिच्यावर हात न उचलताही जुल्म होतो. व्हीलचेअर लांब ठेवणं, श्रवणयंत्र किंवा मोबाइल काढून घेणं, औषध-पाणी न देणं, निराधार योजनेचे तिचे पैसे परस्पर खर्च करणं, ही हिंसाच आहे. 'आम्हीच तर सांभाळतो' असं घरचे म्हणतात. मग ती गप्प बसते आणि लोक त्याला सब्र म्हणतात. म्हणून ही माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

कायदे दोन आहेत

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 : हा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि फक्त बायकोसाठी नाही. आई, अविवाहित मुलगी, भावाच्या घरात राहणारी बहीण, विधवा सूनही अर्ज करू शकते. शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळ यात येतो. तिला घराबाहेर काढू नये, असा आदेश कोर्ट देऊ शकतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 : हा पुरुष आणि मुलांनाही लागू आहे. सांभाळायला असलेल्या दिव्यांगाला जाणूनबुजून अन्न-पाणी न देणं, त्याच्या सहायक साधनाची मोडतोड करणं किंवा ते वापरू न देणं, हा कलम 92 प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 5 वर्षे कैद आणि दंड.

तक्रार कोण करू शकतं?

तिने स्वतःच जायला हवं असं नाही. शेजारी, नातेवाईक, शिक्षक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर 2005 च्या कायद्यानुसार कारवाई होत नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पोलिसांनी दिव्यांग व्यक्तीची तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकासमोर नोंदवायची असते. दुभाषा घरातलाच नको, बाहेरचा मागा.

मदत कुठे?

• तातडीने : 112. महिला हेल्पलाइन : 181.
• मोफत वकील : 15100, किंवा शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही.
• पुणे पोलिसांचा भरोसा सेल.
• दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे.

ही माहिती तिच्यापर्यंत कशी पोहोचवाल?

त्रास देणारा समोर नसताना बोला. दिसत नसेल तर वाचून दाखवा आणि नंबर पाठ करून घ्या. ऐकू येत नसेल तर खुणांनी, चित्रांनी सांगा. समजायला वेळ लागत असेल तर छोटी वाक्यं वापरा, पुन्हा पुन्हा सांगा. दिव्यांग प्रमाणपत्र, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. पुढचं पाऊल मात्र तिला विचारूनच टाका. जिवाला धोका असेल तर आधी 112 लावा.