रोमन संख्याचिन्हे

लॅटिन लिपीतील सात अक्षरांनी संख्या लिहिण्याची प्राचीन रोममधील पद्धती. आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) व एम (१,०००) या चिन्हांना स्थानिक किंमत नसते आणि शून्यासाठी चिन्हही नाही. लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे आल्यास बेरीज, तर डावीकडे आल्यास वजाबाकी होते. महाराष्ट्रातील मुलांना बालभारतीच्या पाचवीच्या गणितात यांची ओळख होते. रूपांतराचा सर्वांत बोलका नमुना मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर आहे; तेथील शिलालेखात राजा जॉर्ज यांच्या नावापुढील व्ही ‘पाचवा’ हा क्रम दाखवतो आणि त्यांच्या आगमनाचे वर्ष एम-सीएम-एक्स-आय, म्हणजे १००० + ९०० + १० + १ = १९११, असे कोरलेले आहे.