कर्जखत वाचता येईल का? शाळेच्या उपयोगाचा एक जुना प्रश्न

१/
‘सर, याचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीतील विद्यार्थी विचारतात आणि ‘परीक्षेला आहे’ एवढेच उत्तर घेऊन गप्प बसतात. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हाच प्रश्न पुण्याहून थेट सरकारपुढे मांडला गेला. मांडणारे होते जोतीराव फुले. शाळेत काय शिकवावे याचे त्यांनी दिलेले उत्तर समजून घ्यायचे, तर आधी सात वर्षे मागे जावे लागते.

२/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे. बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखली जाते. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून त्या जाळून टाकणे, हा बहुतेक ठिकाणचा उद्देश होता.

३/
कागदावर एवढा राग का? कर्जखत लिहिणारा सावकार किंवा त्याचा माणूस, लिपी मोडी, व्याजाची आकारणी त्याच्याच वहीत. ज्याच्या नावाने ते लिहिले जाई, त्या कुणब्याला बहुधा अक्षरओळख नसे. सहीच्या जागी नांगराची आकृती काढली जाई, ‘निशाणी नांगर’. आपण कशाला मान्यता दिली हे त्याला पुढे कोर्टाचा हुकूमनामा आणि जप्ती आल्यावर कळे. कागद खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधनच त्याच्या हाती नव्हते.

४/
दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. कर्जाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, कोर्टाने केवळ कागदावरचा आकडा न पाहता व्यवहाराचा मागचा इतिहासही तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याला एक साक्षीदार दिला. परंतु तो कागद स्वतः वाचण्याची ताकद कायदा देऊ शकत नव्हता. ते काम शाळेचे होते.

५/
याच पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय शिक्षण आयोग नेमला. आयोगाने ठिकठिकाणच्या जाणकारांकडून निवेदने मागवली. फुल्यांनी आपले निवेदन इंग्रजीत सादर केले. मुलींच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शाळा चालवण्याचा तीन दशकांपूर्वीचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता; शेती आणि व्यापार यांचाही होता.

६/
त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा होता. सरकारच्या तिजोरीत येणारा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो. शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकलेला आहे. दुसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. सरकारी हायस्कुलांतील शिक्षण रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडत नाही. त्यातून कारकून आणि शिक्षक तेवढे तयार होतात, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. प्राथमिक शाळांतील क्रमिक पुस्तकेही नव्याने रचावीत, अशी त्यांची मागणी होती.

७/
मग शिकवावे काय? फुल्यांनी यादीच दिली. मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिपींचे वाचन-लेखन. हिशेब. सामान्य इतिहास, सामान्य भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख. शेतीचे प्राथमिक ज्ञान. आरोग्य आणि नीतीचे काही पाठ. खेड्यांतील शाळांत विषय शहरांपेक्षा कमी असले तरी चालतील, पण व्यवहारोपयोगात ते उणे असू नयेत. शेतीचे धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून शाळेजवळ छोटी नमुनाशेती असावी, असेही त्यांनी सुचवले.

८/
या यादीतील पहिलाच शब्द आज सहज नजरेतून सुटतो. मोडी. छापील क्रमिक पुस्तके बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असत. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही आणि कर्जखत मात्र मोडीत. केवळ बाळबोध शिकलेला मुलगा पुस्तकातला धडा घडाघडा वाचेल आणि बापाच्या नावाचा कागद हातात आला की निरक्षर ठरेल. शाळा आणि आयुष्य यांमधली दरी म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

९/
दुसरा शब्द हिशेब. पंतोजींच्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जात. हे अपूर्णांकांचे पाढे बाजारात आणि व्याजाच्या आकारणीत रोज लागत. सव्वा रुपया दराने सात महिन्यांचे व्याज किती, हे ज्याला तोंडी सांगता येते, त्याला फसवणे अवघड असते. फुल्यांच्या यादीत गणित हा ‘बुद्धीला वळण लावणारा’ विषय म्हणून येत नाही. हिशेब म्हणून येतो.

१०/
येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच शिकवा’ असे फुले म्हणत नव्हते. तसे असते, तर यादीत इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांना जागा मिळाली नसती. वरच्या शिक्षणातही मागास जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्यांद्वारे वाट मिळावी, असे त्यांनी याच निवेदनात मांडले. ‘उपयोगी’ या शब्दाचा त्यांच्या लेखी अर्थ होता: ज्या जगाशी मुलाची रोज गाठ पडते, त्या जगात त्याला कोणी फसवू नये आणि त्यापलीकडच्या जगाची दारेही त्याला बंद नसावीत.

११/
अभ्यासक्रम बदलून शिक्षक तोच राहिला तर काय उपयोग? फुल्यांच्या मते गावातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. मुलांच्या गरजा त्यांना अधिक समजतील. त्यांच्यात मिसळायला ते कचरणार नाहीत. आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटणार नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचा समावेश असावा आणि त्यांचा तुटपुंजा पगार वाढावा, याही मागण्या होत्या.

१२/
याच ओघात आलेली एक सूचना फारशी चर्चिली जात नाही. शिक्षकाला गावाच्या कारभारात स्थान द्यावे, असे फुल्यांनी लिहिले. गावाच्या हिशेबांचा तपासनीस, दस्तऐवजांचा निबंधक, गावचा पोस्टमास्तर किंवा स्टँपविक्रेता अशी कामे त्याच्याकडे द्यावीत. १८७९ च्या कायद्याशेजारी ही सूचना ठेवून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. मुलाला वाचायला शिकवणारा आणि त्याच्या बापाच्या कर्जखतावर साक्ष ठेवणारा माणूस एकच असेल, तर शाळा आणि गाव वेगळी उरत नाहीत.

१३/
तरीही एक अडचण उरत होती: मूल शाळेत येणार कसे? शेतकरी कुटुंबे शाळेपासून दूर राहतात, कारण पराकोटीचे दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेताकडे पाहायला त्यांना मुले लागतात, हे फुल्यांनी मांडले. महार-मांगांच्या मुलांना तर जातिभेदामुळे इतरांसोबत वर्गात बसूच दिले जात नाही, म्हणून त्यांच्या शाळांची वेगळी सोय हवी. उपाय दोन: किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे, आणि जोडीला विद्यावेतने व बक्षिसे.

१४/
आयोगाचा अहवाल १८८३ मध्ये आला. प्राथमिक शिक्षण लोकांच्या व्यवहाराशी जोडावे, ही भाषा त्यात होती. सक्तीची शिफारस मात्र नव्हती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय अमलात आणला तो १९१७ मध्ये. तोपर्यंत फुल्यांच्या निधनाला २७ वर्षे झाली होती.

१५/
‘शाळा आणि जीवन’ हा प्रश्न पुन्हा देशाच्या चर्चेत आला तो वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तेथे शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने योजना आखली. तिचे नाव नई तालीम. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारे. टकळीवर सूत काढायचे आणि त्यातूनच बाकीचे विषय उलगडायचे. सुताची लांबी आणि वजन यांचे प्रमाण मांडले की गणित. कापूस कोठे पिकतो हे विचारले की भूगोल. इथला विणकर देशोधडीला का लागला हे विचारले की इतिहास.

१६/
या योजनेवर पहिल्यापासून टीकाही झाली. मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकांचा पगार निघावा, ही मूळ कल्पना अनेकांना खटकली. मग शाळा कोणती आणि कारखाना कोणता? शिक्षक मुकादम होणार नाही कशावरून? दुसरी शंका अधिक खोल होती. खेड्यातील मूल टकळी फिरवणार आणि शहरातील मूल जुन्याच शाळेतून कॉलेजात जाणार असेल, तर ‘जीवनाशी जोडलेले शिक्षण’ हे गरिबाला त्याच्या जागी बसवून ठेवण्याचे साधन ठरेल.

१७/
या शंकेने फुल्यांच्या यादीचे मोल अधिक स्पष्ट होते. विषय आयुष्याशी दोन प्रकारे जोडता येतो. ‘तुझे आयुष्य असे आहे, म्हणून तुला एवढेच पुरे’ हा एक प्रकार. ‘तुझे आयुष्य असे आहे, ते असे का आहे हे तुला वाचता आले पाहिजे’ हा दुसरा. नमुनाशेती दोन्हीकडे असू शकते. फरक पडतो तो तिच्या शेजारी मोडी, हिशेब आणि इतिहास आहे की नाही, याने.

१८/
राहता राहिले गुरे राखणारे मूल. त्याच्याकडे शाळा स्वतः चालत गेली ती आणखी काही दशकांनी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. मुले वर्गात टिकत नव्हती. कारण तेच, १८८२ चे: कोणी गुरांमागे, कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन.

१९/
ताराबाई आणि अनुताईंनी मुलांना आळशी ठरवले नाही. शाळेची वेळ आणि जागा बदलली. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शिकवायचे, ही ‘कुरणशाळा’. गुरांवर नजर ठेवता ठेवता अक्षरे आणि अंक. भावंडाची जबाबदारी असलेल्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, ही ‘विकासवाडी’. बालवाडी थेट वस्तीच्या अंगणात नेण्याच्या त्यांच्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. १९७५ पासून देशभर चालणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना आज याच नावाने ओळखतात.

२०/
सुपे, पुणे, वर्धा, कोसबाड. या चार ठिकाणी एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू दिसतात. काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, कशातून शिकवायचे, आणि मूल जेथे आहे तेथे शाळा पोहोचते का? विषय ‘रंजक’ करणे ही यातली सर्वांत सोपी गोष्ट. व्याजाच्या उदाहरणातील ‘अ’ आणि ‘ब’ यांना मराठी नावे दिल्याने गणित आयुष्याशी जोडले जात नाही.

२१/
आज मोडीची जागा वेगळ्या कागदांनी घेतली आहे. सातबारा उतारा, पीकविम्याची पावती, बारीक अक्षरांतला कर्जाचा करारनामा, मोबाइलवर एका बोटाने दिली जाणारी ‘मी सहमत आहे’ ही संमती. दहावीत शेकड्याने गुण मिळवलेल्या किती मुलांना घरातला असा एखादा कागद वाचून त्याचा अर्थ आईवडिलांना सांगता येतो? ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणारा विद्यार्थी उद्धट नसतो. १८८२ मध्ये पुण्याहून आयोगापुढे गेलेला प्रश्नच तो पुन्हा विचारत असतो.