यवनांचें मद्य आणि जुन्नरची वाट

शनिवारीं सकाळीं वाकडहून निघालेल्या मोटारी नाशिक फाट्यावरून उत्तरेस वळतात. त्यांपैकीं कित्येकांस नाशिकचे द्राक्षमळे गांठावयाचे असतात. महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेच्या उद्योगास उत्तेजन दिल्यापासून ही एक नवीच यात्रा सुरू झाली आहे. वेलींच्या रांगांतून हिंडावें, लांकडी पिंपांचीं कोठारें पाहावीं, पेल्यांतील चार घोट चाखावे आणि दुसऱ्या दिवशीं घरीं परतावें, असा तिचा क्रम असतो.

ही कल्पना अर्थातच युरोपांतली. तेथें मात्र मद्य हें यात्रेचें केवळ निमित्त असतें. फ्रान्समधील बोर्दो शहराजवळचें सेंत-एमिलियों हें गांव घ्या. तेथील द्राक्षांचा वेल रोमन लोकांनीं लावला. गांवाचें नांव आठव्या शतकांतील एका एकांतवासी साधूवरून पडलें आणि पुढें तेथें चुनखडीचा खडक आंतून कोरून एक प्रचंड देवालय निर्माण झालें. युनेस्कोनें १९९९ सालीं त्या गांवाची जागतिक वारशांत गणना केली, ती एकट्या मद्यासाठीं नव्हे. द्राक्षमळे, जुनीं घरें आणि कोरीव देवालय हीं सर्व मिळून एकच इतिहास सांगतात, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

खडकांत कोरलेलीं देवस्थानें, त्यांच्या पायथ्याशीं द्राक्षें आणि रोमशीं जडलेला संबंध, हें सारें पाहण्यास वाकडच्या प्रवाशानें फ्रान्सला जाण्याचें कारण नाहीं. नाशिकपर्यंतही जावयास नको. चाकण, खेड व मंचर मागें टाकून नारायणगांवीं डावीकडे वळलें म्हणजे झालें.

नारायणगांवचा परिसर द्राक्षांचा. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत शामराव चौगुले या उद्योजकानें फ्रान्सच्या शांपान्य प्रांतांतील जाणकारांच्या साह्यानें येथें फेसाळ मद्य तयार केलें व तें युरोपांत विकावयास पाठविलें. पुढें ती कंपनी बुडाली. पण जुन्नरच्या द्राक्षांचें मद्य युरोपांत जावें, या घटनेंत एक ऐतिहासिक चमत्कार आहे. कारण दोन हजार वर्षांपूर्वीं हा प्रवाह उलट दिशेनें वाहत होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक नाविकानें 'पेरिप्लस' नांवाचें सागरप्रवासाचें टांचण लिहिलें. भडोच बंदरांत कोणता माल खपतो, याची यादी त्यानें दिली आहे. तींत मद्य आहे, आणि त्यांतही इटलीच्या मद्यास अधिक पसंती, असें तो सांगतो. राजासाठीं वेगळें उंची मद्य, रुप्याचीं भांडीं आणि तलम वस्त्रें आणावींत, हेंही त्यानें नोंदवून ठेवलें आहे. ज्या राजाचा तो उल्लेख करतो तो क्षत्रप नहपान, असें बहुतेक विद्वान् मानतात. आणि नहपानाचा अमात्य अयम यानें मंडप व पाण्याचें टांकें दान दिल्याचा लेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर आहे! म्हणजे जुन्नरावर ज्याची सत्ता चालली त्याच राजाच्या बंदरांत इटलीचें मद्य उतरत होतें. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें या व्यापारापायीं हिंदुस्थान दर वर्षीं निदान ५ कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार केली, ती याच शतकांत.

या मद्याचा मातींतला पुरावा नेवाशास मिळाला. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. हसमुख सांकळिया यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन झालें; त्यांत सांपडलेल्या खापरांत भूमध्य समुद्राकडून मद्य आणणाऱ्या दोन कानांच्या उभट रांजणांचे तुकडे आहेत. अशा प्रत्येक खापराला रोमन म्हणण्याची पूर्वीं घाई झाली. पश्चिम किनाऱ्यावरील पुष्कळशीं खापरें इराक-इराणकडच्या रांजणांचीं असल्याचें आतां दिसून आलें आहे. नेवाशाचा पुरावा मात्र या फेरतपासणींतही टिकला.

कोंकणांतील बंदरांकडून जुन्नरमार्गे नेवासें व पैठण यांकडे येणारी थेट वाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्याशीं असलेल्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. येथें राजघराण्याच्या मूर्तीही होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष व वरचीं नांवें एवढेंच शिल्लक आहे. जवळच्या दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात.

जुन्नरच्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणीं आहेत आणि त्यांतील तीन दानलेखांत दाता स्वतःस 'यवन' म्हणवितो. इरिल यानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं, चित यानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, चंद यानें गर्भद्वार दिलें. हे लोक अस्सल ग्रीक होते कीं येथेंच मुरलेले, याविषयीं विद्वानांत वाद आहे. ते मद्याचे व्यापारी होते असें म्हणणें तर धाडसाचेंच. परंतु पश्चिमेशीं नातें सांगणारीं माणसें या गांवीं होतीं, आणि तीं येथल्या भिक्षूंच्या जेवणाची व पाण्याची सोय करीत होतीं, याला खडकच साक्षी आहे.

इरिल व चित यांचे लेख ज्या डोंगरावर आहेत तो डोंगर शिवनेरी होय. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी आहे. छत्रपतींच्या जन्मस्थानाचा तो गौरव सर्वथा योग्यच झाला. पण पायऱ्या चढून जन्मस्थानास वंदन करून उतरणाऱ्या हजारों लोकांपैकीं त्याच कड्याच्या पोटांतील यवनाच्या भोजनमंडपाकडे वळणारे किती? लेण्याद्रीलाही भाविक सातव्या लेण्यांतील गणेशाचें दर्शन घेतात आणि शेजारचें चैत्यगृह न पाहतांच परत फिरतात. नाणेघाटावर तर पावसाळ्यांत जत्राच भरते. ती वाऱ्यानें उलट उडणारा धबधबा पाहण्यासाठीं. त्या धबधब्याचें चित्र टिपून झालें, कीं माणसें नागनिकेच्या लेण्याच्या दारावरून मोटारींकडे परततात.