मधल्या नव्वद सेकंदांचा मागोवा

शहरातल्या एखाद्या नव्या जिममध्ये संध्याकाळी डोकावलं तर केटलबेल झुलत असतात, जाड दोरखंड जमिनीवर आपटत असतात, भिंतीवरच्या घड्याळात सेकंद उलटे मोजले जात असतात आणि प्रशिक्षक ओरडत असतो, ‘थांबायचं नाही!’ या व्यायामाला आज ‘हिट’ म्हणतात, म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. त्याच्या उगमाकडे जाऊ लागलं की भेटतात ती मात्र थांबायचं कधी आणि किती, याचा हिशेब मांडणारी माणसं.

जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी रुडॉल्फ हार्बिग या धावपटूला सलग लांब पळवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने, मध्ये विसावा देत पळवलं. १९३९ मध्ये मिलानला हार्बिगने ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापलं आणि तो विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला. गेर्शलर आणि फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी या पद्धतीला नियमांची चौकट दिली. धावताना नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढू द्यायची आणि मग थांबायचं. नव्वद सेकंदांच्या आत ती १२० वर उतरली तरच पुढची धाव घ्यायची. उतरली नाही, तर आधीची धाव झेपण्यापलीकडची होती असं समजून काम कमी करायचं. राइंडेल यांच्या मते हृदय कमावलं जातं ते याच मधल्या वेळात, कारण नाडी मंदावत असते, तरी परत येणारं रक्त भरपूर असतं आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. सगळं श्रेय विसाव्याला देणं पुढच्या संशोधनात टिकलं नाही. जोरकस धावेचा वाटाही मोठाच ठरला. पण विसावा मोजून घ्यायची शिस्त टिकली.

ती शिस्त नाडी न मोजताही अंगवळणी पडू शकते, हे झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने दाखवलं. ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या तो डझनांनी मारायचा आणि दोन फेऱ्यांमध्ये सावकाश पळत दम परत मिळवायचा. खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे आपल्या लक्षात राहिलेल्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यात पहिल्यांदाच धावलेली मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदकं जिंकली.

लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारा रॉजर बॅनिस्टर ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या मारत असे, प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांचा विसावा. फेरीची वेळ ६१ सेकंदांवर येऊन अडली आणि काही केल्या खाली येईना. तेव्हा तो सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणाला गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याने मैलभर अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केलं.

आजच्या जिममधल्या साधनांच्या व्यायामाची वाट मात्र दुसरीकडून आली. १९५३ मध्ये लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि ॲडमसन यांनी सर्किट ट्रेनिंग आखलं. खोलीभर व्यायामांचे थांबे मांडायचे आणि एकावरून दुसऱ्यावर न रेंगाळता जायचं. सगळ्या फेऱ्या दिवसागणिक कमी वेळात संपवायच्या. दंडांचं काम चालू असताना पायांना उसंत मिळते, हृदयाला मात्र मिळत नाही. मर्यादित वेळात आणि जागेत पुष्कळ जणांचा व्यायाम करून घ्यायला ही योजना उत्तम होती. रशियातल्या धान्यबाजारातल्या वजनांपासून आलेली केटलबेल पुढे याच रचनेत सहज सामावली.

१९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांचा शोधनिबंध आला. स्पीड स्केटिंगचे प्रशिक्षक कोइची इरिसावा आपल्या खेळाडूंकडून जो सराव करून घेत, तो ताबातांनी प्रयोगशाळेत तपासला. स्थिर सायकलवर २० सेकंद जीव तोडून काम, १० सेकंद थांबणं, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता आणि ऑक्सिजन अपुरा पडत असताना काम रेटण्याची क्षमता, दोन्ही वाढल्या. हे सगळं चार मिनिटांत आटपत होतं, कारण त्या जोराने पाचवं मिनिट गाठणंच शक्य नव्हतं.

आजच्या वर्गात या दोन वाटा एकत्र आल्या आहेत. नाव आहे फ्रायबुर्गच्या वाटेचं, चालणं मात्र लीड्सच्या वाटेवरचं. पंचेचाळीस मिनिटं न थांबता जे करता येतं, ते ताबातांच्या अर्थाने जोरकस असूच शकत नाही. तो चांगला, घाम काढणारा मध्यम व्यायाम असतो. धोका त्यापुढे आहे. दम परतलेला नसताना वजन उचललं की आधी पवित्रा बिघडतो, पाठ वाकते आणि दुखापतीला निमंत्रण मिळतं. उलट नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये सरासरी पंचाहत्तरीच्या हृदयविकाराच्या रुग्णांनाही देखरेखीखाली जोराचा व्यायाम झेपला, कारण दर चार मिनिटांच्या कामानंतर तीन मिनिटं संथ चालणं होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा होता, पण उसंत नीट आखली तर जोर किती जणांच्या आवाक्यात येतो, हे त्यातून कळतं.

म्हणून नव्या वर्गात नाव घालताना साधनं किती आहेत याआधी एक प्रश्न विचारावा: दोन फेऱ्यांमध्ये विसावा किती आणि तो कशावरून ठरवता? ज्या प्रशिक्षकाकडे याचं उत्तर असेल, त्याच्या हाती आपलं हृदय निर्धास्त सोपवावं.